शून्यावर आणलेलं यंत्र

ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला आमच्या बेटावरच्या विद्यापीठात क्षमताधारित शिक्षणाची टूम निघाली आणि पहिल्या दिवसापासून मी तिच्या नावानं बोटं मोडली. लेखी परीक्षा नाही. कामांची यादी द्यायची, विद्यार्थ्यानं काम हातानं करून दाखवलं की खूण करायची, सगळ्या खुणा झाल्या की डिप्लोमा. आम्ही साखर विभागातले अध्यापक विलायतेत कुडकुडत पदव्या मिळवून आलेलो. आमचे पेपर अजूनही तिकडच्या परीक्षकाकडे तपासायला जात, याचा आम्हाला कोण अभिमान! "उद्या मिलमधला फिटर आपल्या शेजारी खुर्ची मांडेल," विभागप्रमुख चहा पिताना म्हणाले. माझे वडील जन्मभर उसाच्या मळ्यात राबलेले, तरी सगळ्यांत मोठ्यानं मीच हसलो.

खरा राग योजनेतल्या एका कलमाचा होता. यादीतलं प्रत्येक काम आधी अध्यापकानं सहकाऱ्यांसमोर करून दाखवायचं. मग नाव दिलेल्या विद्यार्थ्यांनी, आणि त्यानंतर योजना ठेवायची का यावर आम्ही अध्यापकांनी मत द्यायचं. उसाच्या रसातली साखर मोजायचं आमचं जुनं यंत्र मोजणीआधी शून्यावर आणावं लागे, ते मला कधीच जमलं नव्हतं. दर मंगळवारी माझ्या तासाआधी प्रयोगशाळेतला सहायक ते लावून ठेवायचा. तो बेटाच्या दक्षिणेकडल्या सुरिनाम गावचा, माझ्यासारखाच मराठी घरातला. चार लोकांत मला साहेबी 'मिसिये' म्हणायचा, दोघंच असलो की 'दादा'. इतक्या वर्षांत ही गोष्ट त्यानं कुणाला सांगितली नव्हती.

त्यानं योजनेत नाव दिलं होतं. इंग्रजी पेपरात तो दोनदा नापास झालेला, आणि डिप्लोमा नाही म्हणून कायमचा सहायकच राहणार होता.

"दादा, आता लिवायचं नाय, हातानं दाखवायचं," तो नेहमीसारखं क्रिओल मिसळत म्हणाला. "सा, मो कोने. ते येतंय मला. मीटिंगमधी तुमी हात वर करा म्हंजे झालं."

मी होकारार्थी मान हलवली.

प्रात्यक्षिकाच्या दिवशी माझं नाव पुकारलं, मी पुढे झालो. यंत्राला डोळा लावला. शून्यावर होतं. मी रसाची नळी आत ठेवली, आकडा वाचला, सहकाऱ्यांनी माना डोलावल्या. सहायक पाठ करून मोरीत काचेच्या नळ्या धूत होता. मग त्याची पाळी आली. एकदाही न अडता त्यानं अख्खी यादी करून दाखवली.

दुसऱ्या दिवशी मतदान झालं. मी उठून दर्जावर चांगलं लांबलचक बोललो. तो डिप्लोमा घेऊन शेजारी बसला तर मी कोण, ही भीती मला बोलायला लावत होती, आणि तिला दर्जा म्हणताना मला लाज वाटली नाही. योजना एका मतानं पडली.

संध्याकाळी रोझ हिलच्या बस स्टॉपवर तो भेटला.

"तुमी हात कुठं वर केला?" त्यानं विचारलं.

"दर्जाचा प्रश्न होता रे," मी म्हणालो.

"बरं, मिसिये."

आजूबाजूला ओळखीचं कुणीही नव्हतं.

मंगळवारी मी प्रयोगशाळेत गेलो. टेबलं पुसलेली, नळ्या ओळीनं मांडलेल्या. यंत्रावर मात्र कापडी झाकण तसंच होतं. तो खिडकीशी उभा होता. विद्यार्थी यंत्राभोवती गोळा झाले आणि माझ्याकडे बघत राहिले.

"वह्या काढा," मी म्हणालो. "आज आपण नुसतं लिहून घेऊ."