राखण

तो कधी हातात हात द्यायचा नाही. समोरच्यानं हात पुढं केला की त्याची बोटं सरळ मनगटावर जायची आणि बोलणं संपेपर्यंत ते मनगट त्याच्याच ताब्यात राहायचं. एकदा माझ्या दुकानात आलेल्या बँकेच्या एका साहेबांना त्यानं असंच धरलं होतं. साहेब बिचारे एका हातानं पाकीट काढायची खटपट करत होते आणि हा त्यांना घोटा कसा पकडायचा ते समजावून सांगत होता. उभं तारुण्य कबड्डीत डावा कोपरा सांभाळण्यात गेलेल्या माणसाकडून दुसरी अपेक्षा करण्यात अर्थ नव्हता.

गुलमंडीत माझं खेळाच्या सामानाचं दुकान आहे. पुढं बॅटी आणि बक्षिसाच्या ढाली, मागं जर्सी छापायचं मशीन. गावातला कुठलाही खेळाडू मोठा होण्याआधी एकदा तरी माझ्याकडून पाठीवर नंबर छापून नेतो आणि मोठा झाला की माझ्या गल्लीचा रस्ता विसरतो. माझी त्याबद्दल तक्रार नाही. दुकानदाराला सगळ्यांचा मत्सर परवडत नाही. हा मात्र कधी रस्ता विसरला नाही.

पहिल्यांदा आला तेव्हा पायात जाड टायरच्या वहाणा होत्या आणि अंगाला मेंढरांचा वास होता. बिडकीनच्या अलीकडच्या वस्तीवरचं धनगराचं पोरगं. पाठीवर नाव काय छापू, असं मी विचारलं, तर म्हणाला, “कायबी छापा. पाठ कुनाला दाखवायची हाय?” तेव्हाच मी ओळखलं की हे पोरगं पुढं जाणार. नंतर मी ही ओळखल्याची गोष्ट पुष्कळांना सांगितली आहे, त्यातले निम्मे तरी मला खोटं समजत असतील.

त्याच्या तोंडी एक शब्द कायम असायचा: राखणं. बापाचा जन्म मेंढरं राखण्यात गेलेला, त्यामुळं घरात सगळ्या क्रिया याच एका क्रियापदावर चालत. बसमध्ये कुणासाठी जागा धरायची, तर “राखू की.” ताटातलं शेवटचं भजं कुणी उशिरा येणाऱ्यासाठी बाजूला ठेवायचं, तरी “राखू की.” पुढं तो लीगमध्ये खेळायला लागला. दरवर्षी कोणते खेळाडू ठेवायचे आणि कोणते लिलावात सोडायचे, याची यादी व्हायची. इंग्रजीत त्याला रिटेन करणं म्हणतात. ह्यानं पहिल्याच वर्षी त्याचं राखणं करून टाकलं. वर्षा-दोन वर्षांत हरियाणाची पोरंसुद्धा एकमेकांना विचारायला लागली, “राखा क्या तेरे को?”

त्याच्या शेजारी खेळायचा सलीम. जुन्या शहरातला, सायकल दुरुस्तीवाल्याचा मुलगा. कोपऱ्यातला आणि त्याच्या लगतचा, असे दोघं हातात हात धरून उभे राहतात आणि चढाई करणाऱ्याला मधे घेतात, हे तुम्हीही टीव्हीवर पाहिलं असेल. या दोघांचं मात्र त्याहून पुढचं होतं. मेंढरांच्या बाजारात याचा बाप रुमालाखाली बोटं दाबून सौदा करायचा. तोंडानं एक शब्द नाही, सगळी बोली बोटांची. ह्यानं ती विद्या सलीमला शिकवली. थांब, आता नको, घाल झेप, हे सगळं तळहातातल्या तळहातात. समोरच्याला पत्ता लागायच्या आत तो खाली असायचा. दोघांची घरं वेगळी, बोली वेगळी, सणवार वेगळे; पण मैदानावर या दोघांना मिळून एकच डोकं होतं, असं आम्ही म्हणायचो.

खांदा निखळल्यावर त्याचं खेळणं संपलं आणि संघानं त्याला मॅनेजर केलं. ब्लेझर आला, विमानप्रवास आला, लिलावाच्या टेबलावर मालकांच्या शेजारची खुर्ची आली. पहिला ब्लेझर घालून तो मला दाखवायला आला तेव्हा मी त्याला तू लग्नातल्या बँडवाल्यासारखा दिसतोस म्हणालो. तो हसला नाही. खुर्चीत बसून म्हणाला, “दादा, पोरांचे नंबर पुकारत्यात आन् आमी बोली लावतो. म्हातारा टीव्हीवर बघत व्हता. फोन करून इच्यारतो, बाजार कुठला म्हून.”

तरी ते काम तो फार चांगलं करायचा. कारण त्याची नजर. एखादा मुलगा मैदानाला एक फेरी मारेपर्यंत तो सांगायचा, याची कंबर दुखतेय, हा दुखणं लपवतोय, नाहीतर हा धड आहे, याला घ्या. शेकड्यांच्या कळपात कुठलं मेंढरू दबकत चाललंय हे लहानपणापासून बघितलेला माणूस तो. संघाचे डॉक्टर मशीनमधून फोटो काढून दुसऱ्या दिवशी तेच सांगायचे. मालक त्याच्यावर खूश होते आणि त्यालाही, खरं सांगायचं तर, मालकांचं खूश असणं आवडायला लागलं होतं.

त्यानंतर सलीमचा गुडघा गेला. म्हणजे तेव्हा गेला असं कुणाला वाटलं नव्हतं. थोडा सुजतो, उतरतो, इतकंच. वय झालं होतं हे सलीमलाही कळत होतं. त्याला फक्त आणखी एक हंगाम हवा होता. दवाखान्यातून नको, मैदानातून जायचंय, असं तो म्हणायचा. राखायच्या याद्या ठरायच्या आधी तो माझ्याच दुकानात मॅनेजरसाहेबांना भेटला आणि लाजत लाजत विचारलं. ह्यानं त्याचं मनगट धरलं आणि म्हणाला, “तुला मी राखीन. फिकर करू नको.”

दुसऱ्या दिवशी सलीम इमरतीचा पुडा घेऊन आला. माझ्या शेजारच्या चार दुकानांत त्यानं वाटली. मला म्हणाला, नव्या जर्सीचं माप घेऊन ठेवा, यंदा पोट थोडं सुटलंय.

यादी आली तेव्हा तो दुकानातच होता. मोबाईलवर त्यानं ती वरून खाली वाचली, मग खालून वर वाचली. मला म्हणाला, “नेटवर्क ठीक नहीं तुमारे इधर.” मी माझा फोन दिला. त्यातही नाव नव्हतं. त्याच्याकडं बघवेना म्हणून मी उगाच ढाली पुसत बसलो.

दोन दिवसांनी मॅनेजर आला तो चांगला आनंदात. सलीमला बोलावून घेतलं होतं. त्यानं सलीमसाठी लहान मुलांच्या संघाचा प्रशिक्षक म्हणून कायमची जागा मिळवली होती, मालकांशी भांडून. हे सगळं तो सांगत होता आणि सलीम ऐकत होता. शेवटी सलीम एवढंच म्हणाला, “राखीन बोलला होतास.”

“व्हय. मग राखतोच हाय की. जलमभर राखीन.”

एकच शब्द, आणि तोही यानंच संघात रुजवलेला. सलीमनं तो यादीतलं राखणं म्हणून ऐकला. ह्यानं तो वस्तीवरचा म्हणून उच्चारला होता: आपल्या माणसाला उघड्यावर सोडणार नाही. मला दोघांचंही कळत होतं.

सलीम उठला. म्हणाला, “मैं खिलाड़ी हूं भाई. बकरी नहीं, जो कोई राखे मेरे कू.”

ह्यानं सवयीनं मनगट धरलं. ती पकड देशातल्या भल्याभल्यांना सुटली नव्हती. सलीमनं ती सहज सोडवली. कशी सुटते ते शेजारी उभं राहून त्याच्याइतकं कुणी पाहिलंच नव्हतं. मग तो दुकानाच्या पायऱ्या एकेक करत उतरला.

मला वाटत होतं, मालकांनी नाव कापलं असेल. मी मालकांना दोन शिव्याही दिल्या. तर हा म्हणाला, “मालकाला गुडघा कुठं दिसतोय दादा? मीच बोललो. यादीत नाव व्हतं त्याचं. मी म्हनलो, डावा पाय टाकत न्हाई हा, हंगाम निघनार न्हाई. दिसलं ते बोललो.” वर म्हणाला, “खोटं नव्हतं ते.”

खोटं नव्हतंच. हीच तर पंचाईत होती. हे त्यानं बापालाही सांगितलं. त्यावर बाप जे बोलला ते त्यानं मला जसंच्या तसं सांगितलं: “बाजारात मेंढराचा पाय घेनारा बघतो. राखनारा झाकतो. तू कोन व्हतास?”

 

सलीमनं ती जागा घेतली नाही. महापालिकेच्या एका मैदानावर तो फुकट पोरं शिकवायला लागला. हा दर महिन्याला माझ्याकडं यायचा, चहा घ्यायचा आणि जाता जाता विचारायचा, “चालतो कसा आता?” मी कधी बरा म्हणायचो, कधी खरं सांगायचो. मी दोघांना क्रांती चौकातल्या हॉटेलात एकत्र बसवायचा घाट घातला होता. हा तासभर आधी येऊन बसला. सलीम आलाच नाही. “त्याचं बराबर हाय,” म्हणत ह्यानं दोन्ही चहा पिऊन टाकले. भेटतील कधीतरी, एकाच गावात राहतात, कुठं जातात, असं मी मनाशी म्हणत राहिलो. आपण सगळेच असं म्हणतो, आणि त्याइतकं चुकीचं दुसरं काही नसतं.

संघाबरोबर बाहेरगावी असताना सकाळी हॉटेलातच ह्याच्या छातीत कळ आली. दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. चाळिशीसुद्धा पूर्ण झालेली नव्हती.

वस्तीवर पोचलो तेव्हा संघाचे ब्लेझरवाले आले होते, फुलांचं मोठं चक्र आलं होतं. सलीम माझ्याही आधी येऊन बाभळीखाली उभा होता.  तिरडी उचलायची वेळ झाली तसा पुढं आला आणि डाव्या बाजूला पुढच्या दांडीखाली खांदा लावला.

रस्ता ढेकळांचा होता. सलीमचा पाय पडायचा तिथं तिरडी खाली जायची, मग सावरून वर यायची. दर पावलाला तसंच. माणसं खांदा बदलत होती, सलीम बदलत नव्हता. घामानं त्याचा सदरा भिजला होता. मालकांचा एक माणूस न राहवून पुढं झाला आणि म्हणाला, तुम्ही सोडा आता, तुमचा पाय…

म्हातारा बाप मडकं घेऊन सगळ्यांच्या पुढं चालला होता. तो थांबला आणि मागं वळला.

“पाय बघू नका त्याचा,” तो म्हणाला. “चालू द्या.”

तो माणूस मागं सरला. तिरडी डावीकडं कलत, सावरत पुढं निघाली.