बाराव्या दिवशी काढलेले टेकू

तुकाराम मिराशीला मी दोनदा चोर म्हटलंय, दोन्ही वेळा चारचौघांत. तेव्हा त्याची आरती ओवाळायला बसले असं कोणी समजू नये.

अळणावरजवळच्या खेड्यातून तो सोळाव्या वर्षी हुबळीला आला, थोरली बहीण यमुना हिच्या मागोमाग. दाजीबानपेठेत एका कापड दुकानाची माडी बांधायचं काम चाललं होतं. यमुनाक्का तिथे घमेली वाहायची. तुकारामने आधी वाळू चाळली, मग थापी धरली, पाच वर्षांत मेस्त्री झाला आणि पंधरा वर्षांत कंत्राटदार. यमुनाक्काला नवऱ्याने टाकलं तेव्हा ती मुलीला, शुभांगीला, घेऊन भावाकडेच राहिली. तुकारामची बायको लवकर गेली, मूल नव्हतं. शुभांगी मामाच्या ताटात जेवून वाढली.

नवनगरात साठ-सत्तर घरं त्याच्या हातची आहेत, आणि एकही गच्ची गळत नाही. मास्तर, वकील त्याचीच वाट बघत थांबायचे, कारण स्लॅबच्या बाबतीत माणूस हट्टी होता. इंजिनीअर चौदा दिवस म्हणाला की हा एकवीस दिवस स्लॅबखालचे टेकू ठेवणार. पाणी मारायचं काम यमुनाक्काचं. ती म्हणायची, "स्लॅब म्हणजे ओली बाळंतीण. पहिले दिवस जपलंत तर जन्मभर उभी राहते."

त्याच्या कामावर एक रीत होती. टेकू काढले की त्या कोऱ्या छताखाली पहिल्यांदा तुकारामने बसायचं. घमेलं पालथं घालून बसे, भाकरी सोडे, सावकाश जेवे. तो हात धुऊन उठेपर्यंत दुसऱ्या कुणी आत पाऊल टाकायचं नाही. "ज्याच्या तोंडातून 'काढा' निघालं, त्याचं डोकं आधी," एवढंच त्याचं म्हणणं. हा कायदा कुठल्या पुस्तकात नाही. मी कामगारांसाठी रस्त्यावर बरीच वर्षं घालवली, पुस्तकातले कायदेही वाचले, पण इतका सरळ कायदा मला कुठे सापडला नाही.

पहिल्यांदा चोर म्हटलं ते कामगारांची नोंदणीची सरकारी कार्डं काढली नाहीत म्हणून. पन्नास बायका घेऊन मी कोप्पीकर रोडवर त्याच्या ऑफिसाखाली बसले. तो खाली आला, हात जोडले.

"अक्का, ऊन मरणाचं आहे. बायकांना घेऊन वर या. शिव्या पंख्याखाली पण देता येतात."

बायका खो खो हसल्या. माझा मोर्चा तिथेच बसला! पण आठ दिवसांत कार्डं निघाली, हेही खरं.

असा माणूस राजकारण्यांच्या डोळ्यांत भरणारच. एका पक्षाने तिकीट दिलं आणि तो नगरसेवक झाला. आता नगरसेवकाला महापालिकेचं कंत्राट घेता येत नाही. म्हणून त्याने लायसन आपल्या हाताखालच्या श्रीकांत मेस्त्रीच्या नावावर काढलं. काम तुकारामचं, सही श्रीकांतची. तेव्हा दुसऱ्यांदा चोर म्हटलं.

"श्रीकांत माझा भाऊ आहे," तो म्हणाला.

"भाऊ आहे तर फायद्याचा अर्धा वाटा दे की! नुसती सही कसली घेतोस?"

त्याचं तोंड पडलं. पण ऐकलं नाही. सगळेच असं करतात म्हणाला. हे वाक्य त्याच्या तोंडी मी पहिल्यांदाच ऐकलं.

मग समुदाय भवन निघालं. आमच्या वॉर्डातल्या गवंडी-बिगाऱ्यांना लग्नाला जागा नव्हती, रस्त्यात मांडव पडायचे. तुकारामने हट्टाने मंजुरी आणली. हॉल मोठा, मध्ये एक खांब नाही. स्लॅब पडला आणि तेवढ्यात बातमी आली की विधानसभेची आचारसंहिता लवकरच लागणार. आमदारकीच्या तिकिटासाठी तुकारामचं नाव पुढे होतं. उद्घाटनाला मंत्री यायचे होते, आचारसंहितेच्या आत.

बाराव्या दिवशी श्रीकांतने फोन केला. त्यांचं बोलणं श्रीकांतने मला शब्द न् शब्द सांगितलंय.

"अण्णा, आज बारावाच दिवस."

"मोजता येतं मला. परवा मंत्री येणार, त्यांना टेकूंच्या जंगलात उभं करू? काढ."

"आयतु, काढतो. मग बसायला कधी येताय?"

"मी बैठकीत आहे रे. बसव कुणालाही."

यमुनाक्का तिथेच पाण्याची नळी गुंडाळत होती, फोनवरचं तिने ऐकलं. "कुणालाही कशाला? मिराश्यांच्या घरचंच माणूस बसायला पाहिजे," म्हणाली, आणि टेकू निघाल्यावर आपला डबा घेऊन आत गेली. श्रीकांत नको म्हणाला. तिने त्यालाच दटावलं.

मधली तुळई आधी बसली, मग अर्धा स्लॅब. श्रीकांत नुसत्या हातांनी काँक्रीट उपसत होता, नखं निघाली तरी थांबला नाही. यमुनाक्काला त्यानेच बाहेर काढलं. ती गेलेली होती.

संध्याकाळी पोलिसांनी श्रीकांतला उचललं. कागदावर कंत्राटदार तोच ना! पक्षाच्या लोकांनी पेपरवाल्यांना सांगून टाकलं, मेस्त्रीने कुणाला न विचारता टेकू काढले. तुकाराम काहीच बोलला नाही. बहिणीला अग्नी दिला आणि नवनगरच्या घरात दार लावून बसला.

सहाव्या दिवशी मी दार बडवलं. दाढी वाढलेला, बनियनवर. म्हणाला, "ओरडा, अक्का. तेवढ्यासाठीच आलात ना?"

आले होते तेवढ्यासाठीच. पण त्याच्याकडे बघून आवाज चढेना. म्हटलं, "श्रीकांत आत आहे, तुकाराम."

"पक्ष वकील देतोय त्याला."

"पक्षाचा वकील पक्षाला सोडवतो. तिकिटासाठी गप्प बसलायस?"

"तिकीट घाल चुलीत." त्याने आतलं दार ओढून घेतलं. मग हळूच म्हणाला, "शुभांगी आत झोपलीय. चार दिवसांनी आज माझ्या हातचे दोन घास खाल्ले तिने. ती मेस्त्रीला शिव्याशाप देते आणि माझ्या खांद्यावर रडते. मी खरं बोललो की मला कोण राहिलं?"

मी ओट्यावर बसून राहिले.

तासाभराने तो उठून आत तिच्याकडे गेला. शुभांगीचा आवाज चढला, मग बंद झाला. ती हातात पिशवी घेऊन बाहेर आली. माझ्याकडे बघितलं नाही, मागे वळून मामाकडेही नाही. चपला घातल्या आणि धारवाडच्या बसस्टॉपकडे चालू लागली. ती तिथे शाळेत शिकवते. मागून तुकाराम आला, अंगात सदरा होता. "चल," म्हणाला. माझ्या स्कूटरवर मागे बसून तो ठाण्यात गेला आणि टेकू काढायचा हुकूम माझा, लायसनही नावालाच श्रीकांतचं, असं कन्नडात लिहून देऊन खाली स्वतःची सही केली.

श्रीकांत पंधरा दिवसांत सुटला. तुकारामची नगरसेवकी गेली, पक्षाने हात झटकले, चार महिने तो आत होता. आता जामिनावर आहे, खटला चालू आहे. कामं बंद आहेत. ज्यांच्या गच्च्या गळत नाहीत ते लोक रस्त्यात दिसला की मोबाइल कानाला लावतात.

मागच्या वैशाखात शुभांगीचं लग्न झालं, धारवाडला. मला पत्रिका आली, त्याला नाही. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी मी त्याच्या घरी गेले तेव्हा तो पायरीवर बसलेला होता. साडी कुठली, मुलगा कसा, काही विचारलं नाही.

"मामा म्हणून पाठीशी कोण उभं राहिलं?"

खोटं बोलावंसं वाटलं. पण मी म्हटलं, "श्रीकांत."

त्याने मान हलवली. मग विचारलं, "तिनेच बोलावलं त्याला?"

"तिनेच."

"बरं झालं," तो म्हणाला. दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून तो उठायला गेला, आणि त्याला उठता येईना. मी त्याचा दंड धरला.