धुमाळांची शेती

लिफ्टमध्ये कुणी नवा माणूस भेटला की धुमाळ हात पुढे करत आणि नाव सांगायच्या आधी म्हणत, "मी मूळचा शेतकरी." अंगात कडक इस्त्रीचा शर्ट, गळ्यात कंपनीचं ओळखपत्र. आखातात, अल कुसैस भागातल्या इमारतीत ते आमच्या समोरच्या घरात राहत. एसीचे डक्ट बनवणाऱ्या एका कंपनीत खरेदी विभाग सांभाळत, आणि पुढच्या वर्षी सासवडजवळच्या आपल्या गावी कायमचे परत जाणार होते. माझी त्यांची ओळख झाली तेव्हापासून ते पुढच्या वर्षीच जाणार होते.

तोवर शेती बाल्कनीत चाले. भर मे महिन्यात ते मेथी पेरत. ती करपली की कुंडीतली माती चिमटीत घेऊन म्हणत, "माती बोलते हो. ऐकणारा पाहिजे."

"बाबा, इट्स सेइंग स्टॉप," त्यांची मुलगी रिया आतून म्हणे.

एका ईदच्या सुट्टीत आम्ही दोन्ही घरं मिळून ओमानमधल्या जबल अख्दरला गेलो. सीमा ओलांडल्यापासून धुमाळांचं ठिबक सिंचनावर व्याख्यान चालू होतं. शेवटचा घाट चढल्यावर मात्र गाडीतले सगळेच खिडक्यांबाहेर बघू लागले. उघड्या कातळाच्या कडेला एकाखाली एक दगडी पायऱ्यांसारखी शेतं उतरत गेली होती. गुलाबाची तोडणी चालली होती, डाळिंबाला लालभडक कळी लागली होती आणि चिंचोळ्या पाटातून पाणी एका पायरीवरून दुसरीवर जात होतं. हवेत चक्क गारवा होता.

बागेचे मालक सालिम नावाचे वयस्क गृहस्थ होते. मुंबईच्या व्यापाऱ्यांशी बोलून बोलून त्यांना कामापुरती हिंदी येत होती. त्यांनी खजूर आणि कहवा पुढे ठेवला, आणि धुमाळांनी त्यांना डाळिंबाची छाटणी, शेणखत, बुरशी हे सगळं समजावून सांगितलं. सालिम मान डोलावत राहिले. शेवटी धुमाळ छातीवर हात ठेवून म्हणाले, "मेरा दिल तो खेती में है."

सालिमनी कप खाली ठेवला. "मेरा लडका सब मस्कत में, ऑफिस में. इधर कोई नहीं आता. तुम रहो. कमरा है, पानी है, पूरा बाग तुम देखो. जो निकलेगा, आधा तुम्हारा." ते थट्टा करत नव्हते. खिशातून खोलीची किल्ली काढून त्यांनी खजुरांच्या ताटाशेजारी ठेवली.

धुमाळांनी किल्लीकडे पाहिलं, मग बायकोकडे. वंदनावहिनी शांतपणे म्हणाल्या, "राहा की. मी येत जाईन अधूनमधून."

"इन्शाल्ला," धुमाळ म्हणाले.

सालिम आयुष्यभर इन्शाल्ला ऐकत आलेले. त्यांनी किल्ली उचलून पुन्हा खिशात टाकली आणि आम्हाला आणखी कहवा ओतला.

परतताना घाट उतरून गाडी सपाटीला लागली. मग धुमाळ म्हणाले, "उंची फार आहे. गुडघ्यांना झेपायचं नाही."

"मला पलंग घ्यायचाय," वहिनी खिडकीबाहेर बघत म्हणाल्या. "लग्न होऊन आले तेव्हापासून जमिनीवर गाद्या टाकून झोपतोय आपण. का, तर जाताना पलंग कुठे न्यायचा. माझ्याही गुडघ्यांचं ऐका आता."

"घेऊ," धुमाळ हळूच म्हणाले. पलंग आला तेव्हा त्यांनी मला मुद्दाम बोलावून दाखवला. "सुटा होतो बरं का. पुढच्या वर्षी नेता येईल."

गेल्या वर्षी कंपनीनं त्यांना निवृत्त केलं आणि ते खरोखरच गावी गेले. मागच्या आठवड्यात मी फोन केला, तो वहिनींनी उचलला.

"शेती काय म्हणते?"

"शेती दीर करतात. हे पारावर बसून सांगतात, अरबस्तानातल्या डोंगरावर एकानं अख्खी बाग देऊ केली होती म्हणून."

"मग घेतली का नाही, असं कुणी विचारत नाही?"

"विचारतात ना. हे म्हणतात, गावच्या मातीची ओढ." वहिनी पुढे म्हणाल्या. "काल तर ऐकणाऱ्या दोघांनी डोळे पुसले. मग मीही काही बोलले नाही."