मागच्या सीटवरची आवळासुपारी

आधीच सांगते, मी असलं काही मानत नाही. आम्ही बौद्ध. लहानपणी चाळीत कुणी लिंबू उतरून टाकलं की बाबा ते उचलून आणायचे आणि सरबत करून आम्हाला पाजायचे. अशा घरातली मी… म्हणून हे लिहिताना मलाच कसंतरी होतंय.

माझ्या आईला गाडी लागते. अशी तशी नाही — रिक्षातसुद्धा पिशवी हातात. जुन्नरकडे तिची थोरली बहीण अंथरुणाला खिळलेली, फोनवर सारखी म्हणायची, “एकदा तोंड दाखव गं.” आणि मध्ये माळशेज घाट! मागे एसटीने निघालेली, तर मुरबाडलाच उतरवून सलाईन लावावं लागलं. तेव्हा ठरवलं, जुनी का होईना, आपली गाडी घ्यायची. जिच्यात आईला उलटी होणार नाही ती आपली.

पहिली बघितली वागळे इस्टेटमधल्या एका गॅरेजात. रनिंग कमी, टायर नवे, एसी थंडगार. माझा नवरा सुमेध तर प्रेमातच पडला. पण तीन हात नाका यायच्या आत आईने पिशवी उघडली.

दुसरी कोपरला, एका रिटायर्ड काकांची. दाराला पोचा, एसी नावापुरता, क्लच असा जड की पाय भरून आला. सुमेध कागदपत्रांचं बोलत काकांजवळ खालीच थांबला. मी आणि आई दोघीच निघालो. पूल, मग मानपाडा रोड, खड्डे, स्पीडब्रेकर… आणि आई शांत. तोंड तेवढं हलतंय.

“काय खातेस गं?”

“आवळासुपारी. मागच्या बाईंनी दिली ना.”

मी करकचून ब्रेक मारला. मागची सीट रिकामी.

आईची मान वळत नाही, स्पॉन्डिलायटिस आहे. तिला वाटलं काकांची बायको मागे बसलीय. दोन सीटच्या मधून हिरव्या बांगड्यांचा हात आला, एवढंच तिने बघितलेलं. म्हटलं, भास झाला असेल. तर तिने मूठ उघडली. आत अजून दोन तुकडे!

परत आलो, काकांना विचारलं, काकू गाडीत बसल्या होत्या का.

“ही? गुडघ्यांमुळे खालीच उतरत नाही हो ती. ती बघा, गॅलरीत.”

मी किल्ली काकांच्या हातात ठेवली. सुमेध म्हणाला, “चल, वागळेवालीच घेऊ.” पण आई सीटबेल्ट सोडेना.

“हीच घ्या रे. मला जरासुद्धा मळमळलं नाही.”

तिचा तो चेहरा बघून नाही म्हणवेना. घेतली.

माळशेज आईने झोपून काढला. मावशीच्या खाटेवर दोघी बहिणी गळ्यात गळा घालून रडल्या, आणि मी बाहेर बॉनेटला टेकून. इतकं हलकं मला कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं.

ते काय होतं, मला अजून सांगता येत नाही. मागच्या सीटवर मी सामान ठेवत नाही, एवढंच. परवा पुन्हा मावशीकडे निघालो, दोघीच. आईने आवळासुपारीची पुडी फोडली, थोडी तळहातावर घेतली आणि मान न वळवता हात मागे केला.

“आज माझ्याकडची घ्या बाई.”

आईचा हात पुढे आला तेव्हा रिकामा होता.