थायरॉइडच्या रिपोर्टशी भांडण

आता हे तुम्हाला सांगावं की नाही, याचा मी आठवडाभर विचार केला. पण बायकोने अर्ध्या भिसेगावाला सांगून टाकलंय, मग तुम्हीच का मागे राहायचं? घ्या चहा आणि ऐका माझा पराक्रम!

मी रसायनीला एका केमिकल कंपनीच्या लॅबमध्ये बावीस वर्षं आहे. प्लांटमधून नमुना येतो, आम्ही तो तपासतो. बाटली नीट धुतलेली नसली तर मी ती दारातूनच परत पाठवतो. प्लांटवाले माझ्या मागे मला काय काय म्हणतात ते मला ठाऊक आहे. म्हणू देत! बावीस वर्षांत माझा एक रिझल्ट चुकलेला नाही.

आणि मला थायरॉइड. म्हणजे आहे तो सगळ्यांनाच, माझा जरा आळशी आहे एवढंच. रोज उठल्या उठल्या उपाशीपोटी एक गोळी, मग अर्धा तास चहा नाही. तो अर्धा तास कसा जातो ते माझं मला माहीत! पण आठ वर्षं नेमाने घेतोय आणि सहा महिन्यांनी रक्त तपासतोय.

या वेळी तपासायला गेलो तर कर्जतच्या लॅबमध्ये नवी मुलगी. सायली. आमच्याच गल्लीतली, शिकून दोन महिन्यांपूर्वी नोकरीला लागलेली.

"जयभीम काका! आजची गोळी घेतलीत का?"

"नमुना आधी, गोळी नंतर. मला शिकवतेस?"

"नाय ओ काका, विचारावं लागतं. अजून काही गोळ्या? व्हिटॅमिन वगैरे?"

"काही नाही!"

खोटं! धडधडीत खोटं बोललो मी!

झालं असं, की पुढच्या महिन्यात आमच्या दहावीच्या बॅचचा मेळावा होता. तीस वर्षांनी सगळे भेटणार. आणि माझ्या डोक्यावर मधोमध चांगलं मोकळं मैदान. म्हणून मी केस उगवण्याच्या गोळ्या आणल्या होत्या. कर्जतच्या मेडिकलमधून नाही हं! संध्याकाळपर्यंत बोंब झाली असती. कंपनीच्या बसमधून कुंभिवलीला उतरलो आणि हायवेवरच्या दुकानातून, इकडे तिकडे बघत, बाटली घेतली. आणि हे मी त्या पोरीला सांगू? व्हिटॅमिनच तर आहे, त्याने काय होतंय!

दुसऱ्या दिवशी रिपोर्ट आला. थायरॉइड एकदम सुसाट!

डॉक्टर रिपोर्ट बघतात, माझ्याकडे बघतात. "छातीत धडधड? हात थरथरतात? वजन उतरलंय?"

वजन? माझं? पँटचं बटण श्वास रोखून लावतो मी!

"मग विचित्रच आहे," डॉक्टर म्हणाले. "रिपोर्टवर जायचं तर तुमचा डोस निम्मा करायला हवा. पण लक्षण एकही नाही. डोस तोच राहू दे, एकदा पुन्हा तपासा."

एवढंच ऐकलं आणि मला काय चेव आला म्हणता! रिपोर्ट चुकीचा! लॅब चुकली! आणि लॅब कशी चुकते हे मला नाही तर कुणाला कळणार? तसाच गेलो आणि काउंटरवर हात आपटला.

"मशीन शेवटचं कॅलिब्रेट कधी केलं होतंस?"

"आज सकाळीच केलं. रोज करते काका."

"नमुने बदलले असतील मग!"

"काका, मी स्वतः चिकटवलं लेबल. आपण परत घेऊ ना. पण नीट आठवून सांगा, दुसरी कुठली गोळी..."

"नाही म्हटलं ना!"

दुसऱ्यांदा रक्त, दुसऱ्यांदा तोच रिपोर्ट. मग मोहोपाड्याच्या लॅबमध्ये गेलो, तिथेही तसाच! आता शहाण्या माणसाने ओळखायला हवं होतं, की नाही? दोन लॅब एकच सांगतायत म्हणजे घोळ दुसरीकडे आहे. पण मी काय काढलं? दोघांची मशिनं एकाच कंपनीची आहेत आणि ती कंपनीच भिकार! सायलीच्या लॅबच्या मालकीणबाईंना चार पानी तक्रार लिहिली. आकृतीसकट!

बायको म्हणाली, "अवो, त्या पोरीच्या पोटावर कशाला पाय देताय? तिची आय सकाळी रडत व्हती नळावर."

"क्वालिटीमध्ये दयामाया नसते," मी म्हणालो. हो, हेच शब्द!

रविवारी त्या मालकीण मॅडमनी लॅबमध्ये बोलावलं. बायको हट्टाने बरोबर आली. लॅब माणसांनी भरलेली आणि सायली भिंतीला टेकून उभी, चेहरा उतरलेला. माझी चार पानं मॅडमच्या हातात.

"साहेब, तुम्ही या क्षेत्रातले अनुभवी," मॅडम म्हणाल्या. "तुमची तक्रार मी दुर्लक्षून चालणार नाही. उद्यापासून हिला मी थांबवतेय."

छाती फुगली हो माझी, खोटं कशाला बोलू! तेवढ्यात सायली पुढे आली.

"मॅडम, मी काल पुस्तकं काढून बघितली. केसांच्या गोळ्यांत बायोटिन नावाचं व्हिटॅमिन असतं. ते रक्तात असलं की आपल्या मशिनची टेस्ट फसते, थायरॉइड वाढल्यासारखा दाखवते. तपासायच्या आधी दोन-तीन दिवस ती गोळी बंद ठेवावी लागते. मी काकांना दोनदा विचारलं. ते नाय म्हणाले. काका खोटं कशाला बोलतील?"

काका खोटं कशाला बोलतील! अहो, त्या एका वाक्याने माझी जी काही अवस्था झाली! गप्प राहिलो असतो तर कुणाला कळणार होतं? बाटली मी टूलकिटमध्ये दडवली होती. पण त्या पोरीने माझ्यासाठी रात्र जागून पुस्तकं चाळली होती, आणि मी तिची भाकरी काढायला निघालो होतो. लाज वाटली, खरंच लाज वाटली.

"घेतो," मी म्हणालो.

"काय घेता?" मॅडम.

"केसांच्या गोळ्या. दीड महिना झाला. हिची काही चूक नाही. मशिनचीही नाही. माझा नमुनाच... म्हणजे मीच..."

बायको मटकन बाकावर बसली. "बया! मी म्हनते हा मानूस सारखा आरशात काय बघतोय!"

मॅडमनी माझी चारही पानं फाडली आणि सायलीला म्हणाल्या, "जा, कामाला लाग." मी सगळ्यांदेखत त्या पोरीची माफी मागितली. गोळ्या बंद करून पुढच्या रविवारी रक्त द्यायचं ठरलं. चला, म्हटलं, सुटलो!

पण कोपऱ्यात साखर तपासायला आलेली एक म्हातारी हे सगळं कान देऊन ऐकत होती. तिने चष्मा सारखा केला, माझं डोकं पुढून बघितलं, वाकून मागून बघितलं.

"आनि रं बाबा," ती म्हणाली, "केस आलं का?"

सगळी लॅब माझ्या टकलाकडे बघायला लागली. उत्तर दिलं ते सायलीने, हातातली सुई खाली न ठेवता:

"नाय आजी. तो रिपोर्ट निगेटिव्ह हाय."