डोंगर पेटला तेव्हा

न्यू मेक्सिकोत माझ्या लेकीच्या शेजारी वॉल्टर नावाचे म्हातारे चित्रकार राहत. समोरचा झाडीचा डोंगर त्यांनी जन्मभर रंगवला होता.

मी लेकीकडे राहायला गेले असताना एका दुपारी त्या डोंगराला वणवा लागला. पोलीस घरं सोडायला सांगून गेले, तरी वॉल्टर अंगणात कॅनव्हासवर घाईघाईने हिरवा रंग लावत होते.

"चला ना," मी त्यांचा दंड धरला.

"एवढा उतार राहिलाय. अजून हिरवा आहे तो."

आमच्या देखत तोही पेटला. त्यांनी ब्रश ठेवला आणि ते आमच्या गाडीत बसले. ज्याच्याकडे जन्मभर बघितलं, त्याला वाचवायला नुसतं बघणं कामाला येत नाही.

वाटेत त्यांनी मान वळवली नाही. "काय दिसतंय मागे?" त्यांनी मलाच विचारलं.

मी मागे वळून पाहिलं. धुरात डोंगर दिसेनासा झाला होता. "काही नाही," मी म्हणाले.