आधी बैल, मग मामाजी

बैलांच्या आधी मामाजी जेवले, असं मी तरी कधी पाहिलं नाही. मामाजी म्हणजे माझे सासरे. आमच्या लग्नात व्याह्यांची पंगत बसली, माझे वडील आग्रहाला उभे, आणि वाढलेल्या ताटावरून मामाजी उठून गेले. मानपानात काही चुकलं, व्याही रुसले, असं वाटून वडिलांचा चेहरा पडला. मामाजी मांडवाबाहेर उभे राहून गड्याला फोनवर विचारत होते, "बैलायले ढेप देल्ली काय?" होकार आला तेव्हा परत येऊन बसले आणि कुणाच्या आग्रहाशिवाय पोटभर जेवले.

मी धामणगाव रेल्वेची. माहेरी दारात जनावर म्हणायला एक मांजर. ढेप म्हणजे सरकीची पेंड, हेसुद्धा मला बाळापूरजवळच्या त्या गावात नांदायला गेल्यावर कळलं. एकदा मी हसून विचारलं, "मामाजी, बैल काय तुमची वाट पाहतात जेवायला?" ते म्हणाले, "त्यायले मांगता येत नाही ना पोरी. आपल्याले भूक लागली त बोंबलता येते." माणसांशी ते असेच तोडून बोलायचे. बैलांशी बोलताना मात्र आवाज एकदम खाली यायचा. चांद्याला आणि हौश्याला घरातली सगळी खबर असे. मला दिवस गेल्याची बातमी गावात पोचायच्या आधी गोठ्यात पोचली होती.

पुढे सासूबाई गेल्या. शेत बटईनं दिलं, बैल विकले, आणि मामाजी अकोल्याला जठारपेठेतल्या आमच्या फ्लॅटवर आले. आधी चष्मा, मग घराचा रस्ता, मग नातीचं नाव, असं एकेक हरवत गेलं. अमरावतीच्या डॉक्टरांनी स्मृतिभ्रंश सांगितला. संजय, माझा नवरा, त्यांचा एकुलता एक मुलगा, हळूहळू त्यांना "साहेब" झाला. बैल तेवढे राहिले. ताट पुढे ठेवलं की प्रश्न ठरलेला, "बैलायले टाकलं काय?" आणि हो म्हटल्याशिवाय घास नाही.

संजय बँकेत. खोटं बोलणं त्याच्या जिवावर येतं. तो म्हणायचा, "बाबा, बैलं इकले आपन. तुमीच त इकले." मामाजींना ते पटायचं नाही. शेवटी वैतागून त्यानं एकदा त्यांना खाली पार्किंगमध्ये नेलं. "पाहा, कुठी हाये गोठा?" मामाजींनी ओळीनं उभ्या असलेल्या स्कूटरी पाहिल्या आणि जी बोंब ठोकली! "बैलं चोरीले गेले होऽ!" वॉचमन धावला, खालची बिऱ्हाडं बाहेर आली. त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशीही त्यांनी पाण्याखेरीज काही घेतलं नाही. ज्याचे बैल चोरीला गेले, तो जेवणार कसा?

डॉक्टर फोनवर म्हणाले, "वाद घालू नका. बैल आहेत म्हणाले, तर आहेत." बोलायला काय जातं! मी जाऊन सांगितलं, "मामाजी, बैल सापडले. मीच चारा टाकून आले." त्यांनी माझा हात धरून नाकाशी नेला. "साबनाचा वास येते. काहून वं पोरी, खोटं बोलून राहिली?" नातीचं नाव आठवत नाही आणि हे बरोबर कळतं! मला हसूही आलं आणि रडूही.

दुसऱ्या दिवशी मी पशुखाद्याच्या दुकानातून ढेप आणली. दुकानदारानं विचारलं, "म्हशी किती हायेत ताई?" म्हटलं, "दोन बैल आहेत." सवय लागते खोट्याची. बाल्कनीत घमेल्यात मूठभर ढेप भिजवायची, ताट वाढण्याआधी त्यात हात घोळवायचे आणि तसेच मामाजींपुढे धरायचे. ते वास घ्यायचे, मान हलवायचे आणि जेवायला लागायचे. हातांचा तो आंबूस वास जाता जात नसे. नात म्हणायची, "आई, या हातांनी माझी वेणी घालू नकोस." पण मामाजींच्या पोटात दोन घास जात होते. मला तेवढं पुरे होतं.

त्या वर्षी टीव्हीवर कुणी तरी पोळ्याचं नाव काढलं आणि मामाजी तूप-हळद मागत उठले. पोळ्याच्या आदल्या दिवशी आमच्याकडे बैलांचे खांदे गरम पाण्यानं शेकून तूप-हळद चोळतात आणि त्यांना उद्याच्या जेवणाचं आमंत्रण देतात. आता बैल कुठून आणू? मी ढेपेचे हात दाखवले, तेवढ्यानं भागेना. मामाजी दारं उघडून पाहत फिरू लागले. तेव्हा नुकताच बँकेतून आलेला संजय शर्ट काढून त्यांच्यासमोर जमिनीवर बसला. मामाजींनी त्याच्या खांद्यांना सावकाश तूप चोळलं, जू बसतं तिथं जरा जास्त. मग कानाशी वाकून, त्या खालच्या आवाजात म्हणाले, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." संजय लहान मुलासारखा रडत होता. मामाजींना तिथं बैल दिसला की मुलगा, मला सांगता येणार नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी पुरणपोळीचा पहिला घास त्यालाच भरवला.

दिवाळीनंतर एकदा मी नेहमीसारखे हात पुढे केले. मामाजींनी वास घेऊन तोंड फिरवलं. "कायचा वास हाये हा?"

"ढेपेचा, मामाजी. बैलांना टाकली."

"कोनाचे बैलं?" त्यांनी परक्या घरी विचारावं तसं अदबीनं विचारलं. ताट तसंच राहिलं.

ज्या बैलांनी आम्हाला सळो की पळो केलं होतं, त्यांना आता आम्हीच हाका मारू लागलो. मी चांद्याच्या खोड्या सांगायची, हौश्याचं दुखणं सांगायची. मामाजी ऐकून घ्यायचे. चमचा ओठांशी नेला की ओठ मिटलेले. राग नव्हता, हट्ट नव्हता. जेवायचं कशासाठी, हेच बैलांबरोबर गेलं होतं. डॉक्टर म्हणाले, या आजारात असं होतं. आमच्या हातात काही नव्हतं.

एका दुपारी संजय ताट घेऊन त्यांच्यापुढे बसला. खोटं न बोलणारा माझा नवरा गयावया करत म्हणाला, "बाबा, चांद्या उपाशी हाये. इचारा ना एकदा, त्याले टाकलं काय म्हनून. इचारा ना."

मामाजींनी त्याच्याकडे पाहिलं. कोण चांद्या, ते त्यांना कळलं नव्हतं. पण कुणी तरी उपाशी आहे, एवढं कळलं असावं. "मंग हे टाका ना त्याले, साहेब," ते म्हणाले, आणि आपलं भरलेलं ताट त्यांनी दोन्ही हातांनी संजयकडे सरकवलं.

संक्रांतीच्या आधी मामाजी गेले. उपाशीच गेले, हे मला अजून सहन होत नाही.